‘सरनेम’ : एका शब्दाचे तीन अर्थ

आधुनिक कन्नड काव्याच्या लेखकसूचीत दोन नोंदी सामान्यतः एकाच साच्यात बसविलेल्या आढळतात : ‘बेंद्रे, द. रा.’ आणि ‘पुट्टप्प, के. व्ही.’ दोघेही ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी. पुट्टप्प १९६७ चे, बेंद्रे १९७३ चे. स्वल्पविरामापूर्वी ‘सरनेम’ आणि स्वल्पविरामानंतर आद्याक्षरे, असा हा साचा आहे. परंतु या दोन नोंदींतील स्वल्पविराम सारखा दिसत असला, तरी त्याचा अर्थ सारखा नाही. बेंद्रे हे कुळाचे नाव. कवीचे स्वतःचे ‘दत्तात्रेय’ हे नाव ‘द’ या अक्षरात दडले आहे. पुट्टप्प हे मात्र कवीचे स्वतःचेच नाव, ‘के.’ म्हणजे घराण्याचे गाव कुप्पळी आणि ‘व्ही.’ म्हणजे वडील वेंकटप्प. एका नोंदीत कूळ उघड आणि व्यक्ती झाकलेली, तर दुसरीत व्यक्ती उघड आणि गाव व पिता झाकलेले. सूचीकाराने दोघांना एकच न्याय दिला असे वरवर वाटते. वस्तुतः ‘सरनेम’ या एका इंग्रजी शब्दाखाली त्याने दोन भिन्न गोष्टी एकत्र केल्या आहेत.

भारतीय साहित्यांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्याला हा प्रश्न केवळ ग्रंथपालाचा म्हणून सोडून देता येत नाही. लेखकाचे नाव ही त्याच्या वाङ्मयाकडे जाणारी पहिली वाट होय. ती वाट चुकीच्या दारापाशी नेऊ लागली, तर पिता-पुत्र परस्परांपासून तुटतात, पतीचे नाव कुळाचे नाव ठरते आणि आदरार्थी प्रत्यय घराण्याचे रूप घेतो. म्हणून या शब्दाचे अर्थ आणि उपयोग मुळातून तपासणे इष्ट ठरते.

१. शब्दाचा मूलार्थ

इंग्रजीतील ‘सरनेम’ हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. त्यातील ‘सर’ या पूर्वपदाचा अर्थ ‘वर’ किंवा ‘अधिक’ असा आहे. म्हणजे मूळ नावावर चढविलेले अधिकचे नाव ते सरनेम. गाव, धंदा, शरीराची एखादी खूण किंवा पित्याचे नाव यांवरून असे अधिकचे नाव पडत असे. एकाच गावात एकाच नावाची अनेक माणसे असली की ओळख पटविण्यासाठी त्याची गरज भासे. पुढे ते पित्याकडून पुत्राकडे जाऊ लागले आणि कुळाचे नाव बनले. मधल्या काळात इंग्रजीत या शब्दाचे लेखन ‘बाप’ या अर्थाच्या ‘सायर’ शब्दाशी जुळवून घेऊनही होत असे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते चूकच. परंतु लोकांच्या मनात शब्दाचा अर्थ कोणत्या दिशेने सरकला होता, हे त्या चुकीवरून कळते.

आजच्या इंग्रजी वापरात या एका शब्दात तीन अर्थ मिसळले आहेत : जोडलेले नाव, कुळाचे नाव आणि नावाच्या शेवटी येणारे नाव. ‘फॅमिली नेम’ आणि ‘लास्ट नेम’ हे त्याचे पर्याय म्हणून वापरले जातात, ते याच कारणाने. इंग्रजांच्या देशात हे तिन्ही अर्थ बहुधा एकाच शब्दावर येऊन स्थिरावतात. त्यामुळे तेथे घोटाळा होत नाही. भारतात, आणि विशेषतः बंगळूरसारख्या बहुभाषिक नगरात, हे तीन अर्थ तीन दिशांना जातात.

मराठीतील ‘आडनाव’ या शब्दाची घडण या संदर्भात उद्‌बोधक आहे. आडवाट म्हणजे मुख्य नव्हे ती वाट. आडगाव म्हणजे हमरस्त्यापासून बाजूला असलेले गाव. तद्वत् आडनाव म्हणजे मुख्य नावाच्या बाजूचे नाव. कन्नडमधील ‘अड्डहेसरु’ हा शब्दही अर्थदृष्ट्या याला समांतर आहे. ‘अड्ड’ म्हणजे आडवे आणि ‘हेसरु’ म्हणजे नाव. कुळाच्या नावासाठी कन्नडमध्ये ‘मनेतनद हेसरु’ असा वेगळा शब्दप्रयोग आहे. इंग्रजीत नाव ‘वर’ चढते, मराठी-कन्नडमध्ये ते ‘आडवे’ येते. परंतु हे नाव दुय्यम आहे याविषयी तिन्ही भाषांचे मूळ शब्द एकमत आहेत.

२. मराठीत आडनावाचे स्थान

मराठी माणसाला आज आडनावावाचून नाव पुरे वाटत नाही. परंतु ही सवय फार जुनी नव्हे. वंशपरंपरागत पेशव्यांपैकी पहिला पेशवा इतिहासात ‘बाळाजी विश्वनाथ’ म्हणून ओळखला जातो. स्वतःचे नाव आणि पित्याचे नाव. ‘भट’ हे आडनाव घराण्याला होते, पण नावाच्या उच्चारात त्याची आवश्यकता नव्हती. नाना फडणवीस यांचे पूर्ण नाव बाळाजी जनार्दन भानू. ‘फडणवीस’ हे पद, आणि त्या पदाने आडनावाला मागे सारले. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांच्या आडनावांची चौकशी भक्ताला करावीशी वाटली नाही. हजेरीपट, दाखले आणि नोंदवह्या यांच्या राज्यात स्वतःचे नाव, पित्याचे नाव, आडनाव हा क्रम पक्का झाला आणि बाजूचे नाव हळूहळू मधोमध येऊन बसले.

या आडनावांचे दोन मोठे वर्ग प्रस्तुत विवेचनास उपयोगी आहेत. पहिला पदांचा : कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देसाई. ही पदे मराठी आणि कन्नड या दोन्ही मुलखांत होती. म्हणूनच धारवाड-विजापूरकडील कुलकर्णी किंवा पाटील घरी कन्नड बोलत असतो आणि पुण्याकडचा मराठी. आडनावावरून मातृभाषेचे अनुमान काढणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात येईल. दुसरा वर्ग गावांचा : गावाच्या नावाला ‘कर’ प्रत्यय लावून ही आडनावे सिद्ध होतात. मंगेशीचे ते मंगेशकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घराण्याचे जुने नाव सकपाळ. ‘आंबेडकर’ या आडनावामागे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे गाव आहे.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. मराठी वाचक ज्याच्यावर प्रेम करतो त्याचे आडनाव तो टाकून देतो. पु. ल. देशपांडे हे ‘पु. ल.’ होतात, धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी हे ‘जी. ए.’ होतात. देशपांडे आणि कुलकर्णी हजारो, ‘पु. ल.’ आणि ‘जी. ए.’ मात्र एकेकच. ज्या भागाला सूचीकार मुख्य मानतो तो भाग वाचकाला ओळखीसाठी निरुपयोगी वाटतो, आणि ज्याला सूचीकार स्वल्पविरामाच्या पलीकडे ढकलतो त्यातच वाचकाला लेखक सापडतो.

३. बंगळूरची रीत : ‘इनिशियल’

जुन्या म्हैसूर संस्थानात आणि त्याच्या पूर्व-दक्षिणेकडील तमिळ-तेलुगू मुलखात नावाची मांडणी निराळी आहे. तेथे गाव आणि पिता नावाच्या आधी येतात व बहुधा एकेका अक्षरात आटोपले जातात. स्वतःचे नाव शेवटी आणि संपूर्ण लिहिले जाते. या अक्षरांना बंगळूरच्या बोलण्यात ‘इनिशियल’ म्हणतात. मराठी माणूसही ‘इनिशियल्स’ हा शब्द वापरतो. पण त्याच्या इनिशियल्समध्ये पहिले अक्षर स्वतःच्या नावाचे असते. बंगळूरच्या माणसाची इनिशियल्स स्वतःच्या नावाची नसतातच. स्वतःचे नाव सोडून जे उरते त्याची ती असतात. एकच इंग्रजी शब्द दोन शेजारी भाषांत जवळजवळ उलट अर्थाने रुजला आहे.

मूळ सामग्री मात्र दोहोंकडे सारखीच. मराठीने गावाला ‘कर’ लावून ते शेवटी ठेवले. म्हैसूरकडे तेच गाव आरंभी ठेवून त्याचे एक अक्षर केले. हे गाव जन्मस्थानच असते असेही नाही. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या नावातील ‘यू’ म्हणजे उडुपी आणि ‘आर’ म्हणजे राजगोपालाचार्य. त्यांचा जन्म १९३२ साली झाला तो मात्र तीर्थहळ्ळी तालुक्यातील मेळिगे येथे. म्हणजे आरंभीचे अक्षर माणसाचा पत्ता सांगत नाही, त्याच्या वंशाची स्मृती सांगते. मराठीत ‘कर’ प्रत्ययही हेच काम करतो.

कधीकधी हे गाव अक्षरात न आटपता संपूर्ण उभे राहते आणि मग माणसाची जागाच घेते. मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्या नावात तीन घटक आहेत : कोलार जिल्ह्यातील मास्ती हे गाव, वेंकटेश हे स्वतःचे नाव आणि अय्यंगार हा समाजवाचक शब्द. जोडलेले नाव आरंभी आहे, शेवटचे नाव समाजाचे आहे, आणि काटेकोर अर्थाने कुळाचे नाव येथे नाहीच. ‘सरनेम’ च्या तीन अर्थांची येथे पूर्ण फारकत झाली. कन्नड वाचकाने मात्र आपला निर्णय केव्हाच दिला आहे. त्याच्या लेखी ते ‘मास्ती’ होत. पुट्टप्प यांनी तर कुप्पळी, वेंकटप्प आणि पुट्टप्प या तिन्ही नावांची आद्याक्षरे जुळवून ‘कुवेंपु’ हे काव्यनाम घडविले. त्यात गाव, पिता आणि पुत्र समान अधिकाराने बसले आहेत.

तेलुगू भाषकांची रीत बाह्यतः अशीच दिसते, परंतु तिचा आशय वेगळा आहे. तेलुगूत आरंभीचे नाव ‘इंटिपेरु’, म्हणजे घराचे नाव असते व ते पिढ्यान्‌पिढ्या चालते. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे पी. व्ही. नरसिंह राव यांच्या नावातील ‘पी’ म्हणजे पामुलपर्ती हे त्यांचे इंटिपेरु. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचे चिरंजीव, इतिहासकार सर्वपल्ली गोपाल, यांच्या नावात पित्याशी समान असा एकच भाग आहे, तो आरंभीचा. पाश्चात्त्य पद्धतीच्या सूचीत पिता ‘र’ खाली आणि पुत्र ‘ग’ खाली जातो. दोघांना जोडणारे कुलनाम ‘एस’ या अक्षरात शिल्लक राहते आणि त्याकडे कोणी पाहत नाही. येथे ‘इनिशियल’ हेच खरे ‘सरनेम’ आहे.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे उदाहरण याहून विलक्षण. १९३३ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले, आणि उर्वरित आयुष्य त्यांनी या नगरातच घालविले. चंद्रशेखर हे पित्याचे नाव. त्यांचे स्वतःचे नाव ‘वेंकटरामन’. ते मध्ये तुटले, पूर्वार्धाचे अक्षर झाले आणि उत्तरार्ध ‘रामन’ जगाच्या विज्ञानकोशात कुलनामाच्या जागी जाऊन बसला. स्वतःच्याच नावाचा अर्धा भाग सरनेम व्हावा, हे इंग्रजी व्याख्येत कोठेच बसणारे नाही.

४. ‘राव’ चा प्रवास

बंगळूरचा आणि मराठीचा संबंध जुना आहे. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजेने हे नगर केंपेगौडाकडून घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले. या वाटेने दक्षिणेत गेलेल्या मराठी कुटुंबांबरोबर ‘राव’ हा शब्दही रुजत गेला. महाराष्ट्रात ‘राव’ हा आदरार्थी प्रत्यय आहे : माधव थोर झाला की माधवराव होतो, त्याचे आडनाव निराळेच असते. दक्षिणेत ज्या कुटुंबांनी इनिशियलची रीत स्वीकारली त्यांच्या नावाच्या शेवटी ‘राव’ च उरला, आणि शेवटचे ते सरनेम या न्यायाने तो सरनेम ठरला.

तंजावरच्या मराठी देशस्थ कुटुंबातील सर टी. माधवराव यांच्या ठायी ही अवस्था स्पष्ट दिसते. त्यांच्या नावातील ‘टी’ म्हणजे तंजावर. त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरीनंतर १८७५ साली ते बडोद्याच्या कारभारावर आले. बडोद्यातील मराठी मंडळी आडनावाने ओळखली जात असता त्यांचा दिवाण मात्र एका अक्षराने आणि स्वतःच्या नावाने ओळखला जाई. याच्या उलट उदाहरण बंगळूरचेच आहे. १९५० साली या नगरात एका मराठी कुटुंबात जन्मलेल्या आणि येथील बससेवेत वाहक म्हणून नोकरी केलेल्या शिवाजीराव गायकवाड यांच्या नावात ‘राव’ आणि आडनाव दोन्ही टिकले होते. तमिळ चित्रपटाने १९७५ साली त्यांना ‘रजनीकांत’ हे एकपदी नाव देऊन दोहोंतून मुक्त केले.

बंगळूरमध्येच जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ चिंतामणी नागेश रामचंद्र राव हे जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात ‘राव, सी. एन. आर.’ आहेत. त्यांचे स्वतःचे नाव रामचंद्र. ते ‘आर’ मध्ये लपले, आणि असंख्य व्यक्तींना समान असलेला आदरवाचक शब्द सूचीत मथळ्याला आला. मराठीने दिलेला मान अशा रीतीने इंग्रजी रकान्यात पोहोचताच घराणे बनला.

५. स्त्रियांची नावे

आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे पुरुषांची होती. स्त्रीच्या नावाकडे वळताच ‘सरनेम’ म्हणजे कुळाचे स्थिर नाव ही कल्पना आणखी डळमळीत होते. बाळूताई खरे विवाहानंतर मालती बेडेकर झाल्या; परंतु मराठी कथेत क्रांती झाली ती ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने. समाजाला न रुचणारे लिहिण्यासाठी ज्या नावाचा आडोसा घेतला त्यालाही गाव आणि ‘कर’ असे रीतसर आडनाव द्यावे लागले, यावरून मराठी मनावरील आडनावाची पकड ध्यानात येते.

कन्नडमध्ये त्रिवेणी या नावाने लिहिणाऱ्या कादंबरीकर्तीचे नाव अनसूया शंकर. ‘वैदेही’ या नावाने लिहिणाऱ्या कथालेखिकेचे नाव जानकी श्रीनिवास मूर्ती. यांतील शंकर किंवा श्रीनिवास मूर्ती हे कुळाचे नाव नव्हे, पतीचे व्यक्तिनाम होय. सूचीकार ते मथळ्याला घेईल तर लेखिकेच्या ग्रंथांवर, एक ओळही न लिहिलेल्या गृहस्थाचे नाव झळकेल. दोघींनीही स्त्रीचे एकपदी नाव काव्यनाम म्हणून निवडले, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

मातेचे नाव या साऱ्या व्यवस्थेत कोठेच नव्हते. मराठी मातृभाषा असलेल्या आणि कन्नडमध्ये श्रेष्ठ कविता लिहिणाऱ्या बेंद्रे यांनी ते आणले : ‘अंबिकातनयदत्त’, म्हणजे अंबिकेचा पुत्र दत्त. त्यांच्या शासकीय नावात पिता रामचंद्र आणि कूळ बेंद्रे होते. काव्यनामात दोन्ही गळाले आणि आई आली. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या दाखल्यांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम अनिवार्य केला. धारवाडच्या कवीने जे स्वेच्छेने केले त्याचा एक अंश शासनाच्या नियमात येण्यास अनेक दशके जावी लागली.

६. रकाना आणि नियम

भारतीय पारपत्रात ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’ असे दोन रकाने आहेत. बेंद्रे यांच्या रीतीच्या नावाला ते सहज पुरतात. इनिशियलची रीत पाळणाऱ्याला मात्र निवड करावी लागते : पित्याचे नाव कुलनाम म्हणून द्यावे, गाव द्यावे, की रकाना रिकामा ठेवावा? रिकामा रकाना निरुपद्रवी नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पारपत्रावर एकपदी नाव असलेल्या प्रवाशांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम लागू केला. नंतर, पारपत्राच्या दुसऱ्या पृष्ठावर पित्याचे वा कुळाचे नाव असल्यास तो चालेल, असा खुलासा झाला. ज्या समाजात एकपदी नाव हे अपूर्णतेचे लक्षण नाही, त्यातील माणूस परक्या रकान्यापुढे अपूर्ण ठरला.

काही ठिकाणी तर हा रिकामेपणा विचारपूर्वक पत्करलेला आहे. १९२९ साली चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान चळवळीच्या परिषदेने जातिवाचक पदव्या टाकण्याचे आवाहन केले, आणि ई. वे. रामस्वामी यांनी आपल्या नावातील ‘नायकर’ गाळले. अशा नावात सरनेम शोधणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की ते हरवलेले नाही. ते टाकलेले आहे.

या गुंतागुंतीची शास्त्रीय दखल घेणारा पहिला मोठा भारतीय विद्वान ग्रंथालयशास्त्रातील होता, आणि त्याच्या आयुष्याची अखेरची वर्षे बंगळूरमध्येच गेली. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या नावात शियाळी हे गाव, रामामृत हे पित्याचे नाव आणि रंगनाथन हे स्वतःचे. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वर्गीकृत तालिका संहितेत त्यांनी आधुनिक हिंदू नावांसाठी नियम दिला : नावातील अखेरचा अर्थवाही शब्द मथळ्याला घ्यावा, परंतु दाक्षिणात्य नावात तो शब्द केवळ जाती वा समाज दर्शवीत असेल आणि त्याच्या आधीचा शब्द मुखपृष्ठावर पूर्ण छापलेला असेल, तर ते दोन्ही शब्द त्यांच्या स्वाभाविक क्रमाने एकत्र घ्यावेत. या नियमाने ‘अय्यंगार, मास्ती वेंकटेश’ अशी विपरीत नोंद टळते व ‘वेंकटेश अय्यंगार’ एकत्र राहतात. येथे ‘सरनेम कोणते?’ हा प्रश्नच विचारलेला नाही. ‘या समाजात माणूस कोणत्या शब्दाने ओळखला जातो?’ हा विचारला आहे. नियमाचे मोल या प्रश्नांतरात आहे. १९६२ साली रंगनाथन यांनी बंगळूरमध्ये प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले; या विचाराचे एक पीठ अशा रीतीने याच नगरात आहे.

तथापि या नियमालाही मर्यादा आहे. ‘सी. एन. आर. राव’ या नावात उपान्त्य शब्द पूर्ण नसून अक्षर आहे. तेथे नियम हतबल होतो. सर्वपल्ली पिता-पुत्रांना एकत्र आणण्याचे सामर्थ्यही त्यात नाही. कारण कोणताही एक नियम शेवटी एका जागेविषयीच बोलू शकतो, आणि भारतीय नावात ओळख एका जागी राहत नाही.

म्हणून भारतीय साहित्यांच्या सूची, कोश आणि अनुवाद यांत ‘सरनेम’ हा रकाना आधार म्हणून वापरण्याऐवजी नावाच्या घटकांची नोंद अर्थानुसार व्हावी, हे अधिक युक्त : गाव, घर, पिता वा माता, पती, व्यक्ती, समाज, आदरप्रत्यय आणि काव्यनाम. प्रत्येक घटक कोणत्या स्थानी येतो हे त्या त्या भाषेने ठरवावे, आणि मथळा कोणता हे त्या भाषेच्या वाचकाने. मराठी वाचकाचे ‘जी. ए.’ आणि कन्नड वाचकाचे ‘मास्ती’ या नोंदी इंग्रजी साच्यातून पाहता अपुऱ्या वाटतील. परंतु त्यांत माणूस चुकण्याचा संभव नाही. ‘आडनाव’, ‘अड्डहेसरु’ आणि ‘सरनेम’ हे तिन्ही शब्द मुळात बाजूच्या नावाविषयी होते. त्या बाजूच्या नावाला सर्वत्र मुख्य मानण्याचा आग्रह त्या शब्दांच्या स्वतःच्या अर्थालाही धरून नाही.